जाणकाराचे मौन

जुनी पुस्तके धुंडाळणारा माणूस मूळचा गुप्तहेरच असतो. मुखपृष्ठ त्याला भुलवीत नाही. तो आधी पान उलटून मागचा बारीक मजकूर वाचतो. ‘आवृत्ती पहिली’ असे छापलेले असले तर काम सोपे. नसले तर सन, मुद्रणालयाचे नाव, शेवटच्या पानावरील जाहिराती अशा खुणा जुळवाव्या लागतात. पुस्तकावर साल १९५० आणि मागे जाहिरात मात्र १९५५ च्या कादंबरीची, म्हणजे चोर सापडलाच! कॉनन डॉइलच्या १९०२ सालच्या ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ची तर गंमतच आहे. तेराव्या पानावर तिसऱ्या ओळीत ‘युअर’च्या जागी ‘यू’ पडले आहे, आणि मुद्राराक्षसाची ती करणीच आरंभीच्या प्रतीची साक्ष देते.

आपल्या बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड वाचनालयांतून हातोहात फिरले. मुखपृष्ठे फाटली, पाने सुटली. जे पुस्तक फार वाचले गेले तेच धडपणी उरले नाही. म्हणून पहिल्या आवृत्तीची धड प्रत दिसली की जाणकाराचे डोळे लकाकतात.

खरा प्रश्न इथून सुरू होतो. नागपुरात सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगापुढे मी अनेकदा उकिडवा बसलो आहे. विक्रेता वीस रुपये सांगतो. पुस्तकाचे मोल मला ठाऊक असते, त्याला नसते. मी बोलावे का? सिसेरोने इ.स.पूर्व ४४ मध्ये असाच पेच मांडला होता. दुष्काळी ऱ्होड्स बेटावर धान्य घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला मागून आणखी गलबते येत असल्याचे ठाऊक आहे. त्याने ते सांगावे, की गुपचूप चढ्या भावाने माल विकावा? सिसेरोचा कौल सांगण्याच्या बाजूने पडला.

मला उत्तर सापडते ते रहस्यकथेतच. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. त्यांतला एक असा, की गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकापासून लपवता कामा नये. पुरावा दोघांपुढे सारखा असेल, तरच डाव न्याय्य. पदपथावर पुस्तक दोघांपुढे उघडे असते आणि जुनी पुस्तके हा त्या विक्रेत्याचा धंदाच असतो. तेथे माझ्या नजरेचे मोल मी घेतले, तर ती लबाडी नव्हे. कोणी म्हणेल, तोही गरीबच! खरे आहे, म्हणून त्याच्याशी घासाघीस करू नये, आणि त्याने विचारले तर उत्तर खरे द्यावे.

पण महालातल्या एखाद्या वाड्यातून काकूंचा निरोप येतो, “भाऊ, यांची पुस्तकं पाहून जा बरं. काय द्यायचं ते तुम्हीच ठरवा.” त्या काकू डाव खेळायला बसलेल्याच नसतात. त्यांनी किंमत ठरवण्याचा अधिकार विश्वासाने माझ्या हाती दिलेला असतो. तेथे गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणेच. खूण दाखवावी, मोल सांगावे आणि मगच खिशात हात घालावा. पुस्तक परवडले नाही तरी चालेल.

दिवाळीच्या झाडलोटीत घरोघरी माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात. वाचकहो, रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी ते एक पान उलटून पाहा. आणि पाहायला कोणा जाणकाराला बोलावलेत, तर त्याला सरळ विचारा. तुमच्या विचारण्याने त्याचेही काम सोपे होते.