आधी कोण?

जुन्या आठवणींना एक खोड असते. त्या हळूच मालकी सांगू लागतात. आमच्या दिव्यात मला आठवतात ते पावसाळ्यातले बेडूक. रात्री लोकलपेक्षा त्यांचाच आवाज मोठा! "आमच्या वेळी इथं नुसती भातशेती होती हो," असं सांगणारे शेजारी त्याच शेतावरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहतात. मग गाव बिघडलं कधी? तर आपल्यानंतरच्या पहिल्या बिऱ्हाडापासून!

इतिहास काढावा, तर १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत आलेली आगगाडी १८५४ च्या मे महिन्यात इथूनच पुढे कल्याणला गेली. म्हणजे रूळ आमच्या आधीचे. त्यांच्या आधी आगरी-कोळ्यांची घरं, त्यांच्याही आधी खाडी. तिनंच "जागा नाही" म्हटलं असतं तर?

सकाळच्या लोकलमध्ये डोंबिवलीवाला दिव्याच्या माणसाला म्हणतो, "जागा नाही." तो रेटून आत शिरतो आणि मुंब्र्याला, अगदी त्याच आवाजात, "जागा नाही" म्हणतो!

आधी येणं हा योगायोग. त्यात पुण्य कसलं? आठवणी जरूर जपाव्यात, पण जागा धरायला टाकलेल्या रुमालासारख्या नव्हेत. नव्या बिऱ्हाडाला बेडकांची गोष्ट सांगावी, आणि सांगता सांगता थोडं सरकून चौथी सीट द्यावी.