सदुसष्ट गुण

मराठीतला 'गुण' हा शब्द मोठा लबाड आहे. माणसाच्या अंगच्या चांगुलपणाला आपण गुण म्हणतो, परीक्षेतल्या आकड्यालाही गुणच म्हणतो, आणि पत्रिका पाहताना छत्तिसांपैकी अठरा जुळले की त्यांनाही तेच नाव देतो. वीस-बावीस वर्षे मास्तरकी करूनही या तिघांतला घोटाळा माझ्या ध्यानात आला नव्हता. परवा घणसोलीच्या एका जुन्या विद्यार्थ्याने तो आणून दिला.

मुलगा आता अभियंता आहे; वय पस्तीस, अविवाहित. कुशल कामगार म्हणून कॅनडात कायमचे राहायला जाण्याचा त्याचा विचार आहे. त्याने एक कागद माझ्यापुढे ठेवला. त्या देशाची कसोटी १०० गुणांची, उत्तीर्ण व्हायला ६७ हवेत. पस्तिशीपर्यंत वयाचे १२ गुण, मग दर वर्षाला एक कमी, सत्तेचाळिशीत शून्य. पदवीचे २१, सहा वर्षांच्या अनुभवाचे १५, इंग्रजीचे चोविसांपैकी त्याला मिळालेले २०. एकूण ६८.

"सर, पुढच्या वर्षी सदुसष्ट, त्याच्या पुढच्या वर्षी सहासष्ट!"

बरे, उत्तीर्ण झाले म्हणजे संपले असेही नाही. २०१५ पासून उत्तीर्णांची पुन्हा निराळी क्रमवारी लागते आणि वरच्यांनाच बोलावणे जाते. मी आपले गमतीने स्वतःचे गुण मोजू लागलो. मी मॅट्रिक, शिक्षणाचे फार तर ५, वयाचा १. तेथेच थांबलो.

माणसाला असे तोलणे न्याय्य आहे काय? पहिल्याने चीडच येते. याची आई गावठाणातले घर सोडायला तयार नाही, आणि असती तरी या अर्जावर मुलाबरोबर आईबापांना नेता येत नाही. त्या आईच्या दुखण्यात याने तिच्या उशाशी काढलेल्या रात्री कोणत्या रकान्यात भरायच्या? तथापि ही चीड फार वेळ टिकत नाही. १९१४ साली 'कोमागाटा मारू' ही आगबोट ३७६ हिंदी उतारू घेऊन व्हँकुव्हरला गेली, दोन महिने बंदरात उभी राहिली, आणि बहुतेकांना घेऊन तशीच परत फिरली. त्यांना अडवणाऱ्या एका नियमात रंगाचा उल्लेख नव्हता. स्वदेशाहून वाटेत न थांबता आलेले असावे, अशी ती अट होती. आणि हिंदुस्थानातून तसे जाण्याची सोयच नव्हती. त्या माणसांना गुण कोणी विचारलेच नाहीत. त्याच देशाने १९६७ साली गुणांची पद्धत आणली, तेव्हा निदान कातडीचा रकाना कागदावर उरला नाही. हे थोडे नव्हे. आकड्याला डोळे नसतात, म्हणून त्याला आकस नसतो.

पण डोळे नसतात म्हणून त्याला दयाही नसते. आणि येथे मला माझी एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे.

हाच मुलगा नववीत असताना वार्षिक परीक्षेला इंग्रजीत त्याला ३३ मिळाले होते. पस्तिसाला पास. मी रात्री दोन गुण वाढवले. मुलगा कष्टाळू होता, वडील नुकतेच वारले होते, हे मला ठाऊक होते. ज्या इंग्रजीचे आज परक्या परीक्षकांनी त्याला चोविसांपैकी वीस दिले, तिचा पाया त्या दोन गुणांवर उभा आहे, असे मी मनाशी म्हणू लागलो होतो. अभिमान वाटला, हे कबूल करतो. ओळखीने माणसाचे मोल कळते, आकड्याने कळत नाही, असा सिद्धान्तही बांधून झाला होता.

तो गेल्यावर त्याच वर्गातला दुसरा मुलगा आठवला. मागच्या बाकावर बसे. वडील दगडखाणीत होते. त्यालाही तेहतीसच होते. त्याचे घर मी पाहिले नव्हते, त्याच्या बापाशी कधी बोललो नव्हतो. त्या रात्री त्याचा पेपर मी पुन्हा उघडला नाही. तेहतीस ते तेहतीस, नियम तो नियम, असे तेव्हा मला अगदी सरळ वाटले होते. कॅनडाच्या कचेरीने त्या दोघांना सारखेच वागवले असते. मी वागवले नाही.

त्याने पुढे शाळा सोडली. तुर्भ्याच्या भाजीबाजारात तो पहाटे गाड्या उतरवतो. कधी दिसला तर पाठीवरचे पोते खाली ठेवून "नमस्कार सर" म्हणतो, आणि पिशवीत चार मिरच्या जास्तीच्या टाकतो.