मद्यबंदी आणि नीति

अमेरिकेंत १९२० सालीं राष्ट्रव्यापी मद्यबंदी आली आणि १९३३ सालीं एकविसाव्या घटनादुरुस्तीनें ती उठली. यावरून, नीति कायद्यानें शिकवितां येत नाहीं, असें अनुमान सर्रास काढण्यांत येतें. आम्हांस तें अपुरें वाटतें. त्या कायद्यानें मद्य तयार करणें, विकणें व वाहून नेणें हे गुन्हे ठरविले. पिण्यास मात्र मनाई केली नाहीं. धनिकांनीं मुदतीपूर्वींच तळघरें भरून घेतलीं, आणि तें कायद्यास धरूनच होतें! पुढें चोरून विकणारा गुन्हेगार ठरला. त्याचें गिऱ्हाईक प्रतिष्ठितच राहिलें. जो संयम आम्ही स्वतः पाळूं इच्छीत नाहीं, तो शेजाऱ्यावर लादण्याचा अधिकार आम्हांस कोठून प्राप्त होतो? या प्रश्नास बगल देऊन केलेली मद्यबंदी कोठेंही टिकणें कठीण.