पाकिटावरचं नाव

पुण्याच्या गौरी शिंदे मुंबईतल्या जाहिरात संस्थांत घडल्या. बरेच जाहिरातपट केल्यावर २०१२ साली त्यांचा पहिला चित्रपट आला, ‘इंग्लिश विंग्लिश’. घरच्या घरी लोणच्याचा व्यवसाय करणाऱ्या आईला इंग्रजी नीट येत नाही, याची लहानपणी त्यांना लाज वाटायची. आईची माफी मागायलाच चित्रपट केला, असं त्या सांगतात.

दुनियेच्या मालाची किंमत पटवून देणाऱ्यांनाही घरातलं मोल उशिराच कळतं! आपल्या रत्नागिरीत आंबापोळी ताटात थापून, थरावर थर देत उन्हात वाळवणारी बाई विचारल्यावर म्हणते, “मी काही करत नाही, घरीच असते.” निदान तिच्या आंबापोळीच्या पाकिटावर तिचं नाव तरी ठळक छापूया. पहिली जाहिरात तीच.