टाकीतला जीव

परवा एकादशीच्या भजनाला आमच्या पेटीवाल्या तात्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, “आबा, गळ्यात माळ आणि दारात मासं. ह्याचा मेळ कसा घालायचा?” मंडळी हसली. मीबी हसलो. पण घरी येईपर्यंत ती गोष्ट पायातल्या काट्यासारखी सलत राहिली. तात्यांना उत्तर द्यायचं तर आधी सगळं सांगावं लागेल.

आमचा माणदेश. पावसानं पाठ फिरवली की माणसं मेंढरं घेऊन मुलुख सोडायची, तो हा भाग. पाण्याचा तांब्या सांडला तर आई हातावर मारायची. नातू पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो. सुट्टीत आला आणि म्हणाला, “आबा, एकच पाणी परत परत फिरवून भाजी करू. सोबत मासे.” जिथं बैलाची दावण होती तिथं त्यानं हजार लिटरची टाकी मांडली, वर अर्धी कापलेली पिंपं ठेवली, त्यात खडी भरली. माती नावाला नाही.

खडी आणली तेव्हा त्यानं एका खड्यावर लिंबू पिळलं. बारीक फेस आला. “ही चुनखडीची, पाण्याचा सामू वाढेल,” म्हणून ती परत धाडली आणि काळ्या दगडाची आणली. मग सायप्रिनसची तीस बोटुकली सोडली.

काम असं चालतं. मासा खातो, घाण करतो. त्या घाणीतून आणि त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरतो. तो तसाच साठला तर माशालाच मारतो. छोटा पंप ते पाणी वर खडीत सोडतो. खडीवर जिवाणू बसलेले असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी त्याचं नायट्रेट. ते झाडाचं खत. पालक, पुदिना, कोथिंबीर ते ओढून घेतात आणि निवळलेलं पाणी खाली माशाकडं येतं. हे जिवाणू बसायला महिना-दीड महिना जातो, तोवर माशाला खाऊ घालतानाही हात राखावा लागतो. पाणी घालायचं ते फक्त उन्हानं उडालेलं आणि झाडानं प्यालेलं.

तात्यांचा अर्धा प्रश्न इथंच सुटतो. माशाच्या घाणीवरचा पालक माळकऱ्याला चालतो का? जन्मभर शेणखतावरची भाजी खाल्ली. बैलाच्या घामावरची भाकरी खाल्ली. तेव्हा कुणी विटाळ धरला नाही, मग आता कशाला धरायचा?

पण उरलेला अर्धा प्रश्न अवघड आहे. तो माझा मलाच पडला, वैशाखातल्या एका रात्री.

त्या रात्री वळीव आला. वारा असा की शेजाऱ्याचा पत्रा आमच्या परड्यात. लाईट गेली. टाकीत हवा सोडणारा पंप बंद पडला. मला जाग होती. उठावं, बादलीनं पाणी वर-खाली करावं, असं मनात आलं. मग म्हटलं, येईल लाईट तासाभरात. कूस बदलली.

पहाटे बॅटरी घेऊन गेलो तर मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होते. गरम पाण्यात हवा आधीच कमी मावते, त्यात पंप बंद. एकोणीस पांढरी पोटं वर करून तरंगत होते. अकरा राहिले. मी बादलीनं पाणी उपसून वरून ओतत राहिलो, हात भरून येईस्तोवर. मेलेले पपईच्या बुडात पुरले. कारभारीण काही बोलली नाही. चहा ठेवला तेवढा.

आमच्या जुन्या विहिरीतही मासे होते. उन्हाळ्यात पाणी आटलं की मरायचे. घारी-बगळे न्यायचे. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मग ह्या एकोणिसांचंच का वाटावं? विचार करता करता एवढं कळलं की विहिरीतला मासा त्याच्या नशिबानं जगायचा. टाकीतल्याचं नशीब मी माझ्या हातात घेतलं होतं. त्याचा श्वास मी तारेला बांधला, आणि तार तुटली तेव्हा मी कूस बदलली. त्यांना मी कापलं नाही हे खरं. पण माळ घातलेल्या माणसाच्या हातून ते मेले, हेही खरं.

त्यानंतर बॅटरीवर चालणारा पंप आणला आणि मासे कमीच ठेवले. तेव्हाच एकदा खाद्याचं पोतं नीट वाचलं. त्यात मासळीची भुकटी. म्हणजे मी मासा मारत नव्हतो, पण माझ्या माशाच्या पोटासाठी समुद्रातला मासा मरत होता. आता भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा घालतो. मासे हळू वाढतात. वाढू देत.

पालकावर मावा आला तेव्हा हात सवयीनं फवारणीच्या पंपाकडं गेला. नातू ओरडला, “आबा, मासे मरतील!” निंबोळी अर्कदेखील नको म्हणाला. बसलो बोटांनी मावा चिरडत. चाळीस वर्षं शेतात फवारलं, तेव्हा कोण ओरडलं? ते पाणी ओढ्याला जात होतं, ओढा पुढच्या गावाला. टाकी लहान, म्हणून चुकीची पावती दुसऱ्या दिवशी सकाळी हातात पडते. शेत मोठं, त्याची पावती दुसऱ्याच्या दारात जाते.

आता मासे वाढून हाताएवढे झालेत. पुढं काय? नातू म्हणतो, “विकून टाकू.” आणि मला १९७२ आठवतं. दुष्काळात वडलांनी खिलारी बैल खरसुंडीच्या बाजारात नेला. मी दहा-अकरा वर्षांचा. आल्यावर आईनं विचारलं, “दिलात का?” वडील म्हणाले, “बाजार दाखवला.” पुढं मीही किती बोकड, किती भाकड म्हशींना बाजार दाखवला. पैसे मोजून घेतले, माळेला हात लावला, आणि घेणारा कुठं नेतो ते एकदाही विचारलं नाही. बाजार दाखवला म्हटलं की पुढचं बघावं लागत नाही. सगळ्या गावानं मिळून तो शब्द सांभाळलाय.

हे मासे मात्र मी रोज दोन वेळा खाऊ घातलेत. पावलांचा आवाज आला की कोपऱ्यात गोळा होतात. मरेपर्यंत टाकीत ठेवावेत तर तेवढी जागा नाही. ओढ्यात सोडावेत तर ओढा कोरडा, आणि असता तरी बाहेरचा मासा तिथं सोडणं बरं नव्हे.

शेवटी खालच्या आळीतल्या एका घरी निरोप दिला. ती माणसं खातात, पोरं लहान आहेत. म्हटलं, “चार घेऊन जा. पैसं नकोत. पण इथं या, आणि मी असताना काढा.” गडी जाळी घेऊन आला. मी टाकीपाशी उभा राहिलो. मान वळवली नाही. त्यानं पुण्य लागलं असं मी म्हणणार नाही. माशाला तर काहीच फरक पडला नाही.

तात्या, तुमच्या प्रश्नाचा मेळ मला अजून घालता आलेला नाही. पुढच्या एकादशीला हेच सांगेन. टाळ वाजवायला बसू द्या, एवढंच मागणं. आता सात राहिलेत. आभाळ भरून आलं की मी रात्री उठून बॅटरी बघतो.