जुन्या घराची किल्ली देण्यापूर्वी



सेलूच्या जुन्या वस्तीत मातीच्या भिंतींची, कवेलूंची काही घरे अजून उभी आहेत. समोर सपरी, मागे आंगण व विहीर, आणि कापसाच्या दिवसांत छतापर्यंत भरून जाणारी एक खोली. अशा घरात तीन-तीन पिढ्या जन्मल्या आणि त्यांचे जनाजे त्याच उंबरठ्यावरून निघाले. आता मुले नागपूर-पुण्याला आहेत. पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरणारा माणूस मिळत नाही. वृद्ध आई-वडिलांना एवढा पसारा आवरत नाही. म्हणून ते घर विकावे आणि एखाद्या लेआऊटमध्ये दोन खोल्यांचे स्लॅबचे घर बांधून राहावयास जावे, असा विचार अनेक कुटुंबांत होतो. तुमच्या घरी असा विचार चालू असेल, तर पुढील चार गोष्टी किल्ली देण्यापूर्वी वाचाव्यात.

जुने घर सोडताना डोळे भरून येणे हा ईमानाचा दोष नव्हे. प्रेषित मुहम्मद (स.) मक्का सोडून निघाले तेव्हा त्या नगरीला उद्देशून त्यांनी आपले प्रेम बोलून दाखविले होते. पवित्र कुरआनच्या सूरह नहलमध्ये घर हे विसाव्याचे स्थान म्हणून अल्लाहच्या कृपांमध्ये मोजले आहे. मात्र सूरह तौबाच्या 24 व्या आयतीत आप्तस्वकीय, संपत्ती व व्यापार यांच्यासोबत मनाजोग्या घरांचाही उल्लेख येतो आणि यांपैकी काहीही अल्लाह व त्याच्या प्रेषितापेक्षा अधिक प्रिय असू नये, असे बजावले आहे. घराची माया अल्लाहच्या आदेशाच्या आड कोठे येते? माझ्या मते ती निरोपाच्या अश्रूंत येत नाही, ती विक्रीच्या कागदावर येते.

हिजरी सन 8 (इ. स. 630) मध्ये मक्का जिंकले गेले. आपण कोठे उतरणार, असे ह. उसामा बिन जैद (रजि.) यांनी विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) उलट विचारले की, अकीलने आपल्यासाठी एखादे घर तरी शिल्लक ठेवले आहे काय? चुलतभाऊ अकील यांच्या हाती गेलेली घरे केव्हाच विकली गेली होती. संपूर्ण शहर ताब्यात असतानाही प्रेषितांनी (स.) ती घरे परत घेतली नाहीत. ते तंबूत उतरले.

आणि आपण? आपल्याकडे घर विकावयाचे ठरले की भाऊ बहिणीला कचेरीत बोलावतात आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतात. “तुझ्या लग्नात खर्च केला,” असे तिला सांगितले जाते. ती सही करते, कारण हिस्सा मागितला तर माहेर तुटेल ही भीती तिच्या मनात असते. या सहीला राजीखुशी म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे. लग्नातील खर्च हा वारसा नव्हे. सूरह निसाच्या 7 व्या आयतीत, मालमत्ता थोडी असो वा जास्त, पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही हिस्सा निश्चित केला आहे. पाच वेळा नमाज पढणाऱ्या घरांतही हा आदेश मोडला जातो, आणि जुम्याच्या बयानात त्यावर क्वचितच बोलले जाते.

हिशेब अवघड नाही. समजा, वडील वारले. त्यांचे आई-वडील हयात नाहीत. मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी आहे. कर्ज व वसीयत भागवून घराचे 40 लाख रुपये उरले. त्यांतील आठवा हिस्सा, म्हणजे 5 लाख, आईचा. उरलेल्या 35 लाखांचे पाच भाग केले की प्रत्येक मुलास 14 लाख व मुलीस 7 लाख मिळतात. आता नव्या घरात आईचे 5 लाख घातले असतील, तर त्या घरात तिची मालकी आहे. सुनेच्या संसारात ती पाहुणी नाही. कागदावर तिचेही नाव असू द्या.

वडील हयात असतील तर प्रश्न वारशाचा नसून देणगीचा आहे. ह. नुमान बिन बशीर (रजि.) यांना त्यांच्या वडिलांनी एक देणगी दिली आणि प्रेषितांनी (स.) साक्षीदार व्हावे अशी विनंती केली. इतर मुलांनाही असेच दिले आहे काय, असे प्रेषितांनी (स.) विचारले. नाही, हे उत्तर मिळताच त्यांनी साक्षीदार होण्यास नकार दिला. जवळ राहणाऱ्या एकाच मुलाच्या नावे नवे घर करून देणाऱ्या वडिलांनी हा प्रसंग आठवावा. सेवा करणाऱ्या मुलाचे उपकार आहेतच. पण मुलांतील न्याय हा वडिलांवरील हक्क आहे.

जुन्या शेजाऱ्यालाही विसरू नका. बुखारी शरीफमधील हदीसनुसार ह. अबू राफे (रजि.) यांनी आपल्या दोन खोल्या शेजारी ह. साद (रजि.) यांना चार हजार दिरहमांना दिल्या. बाहेरून त्यांना पाचशे दीनार मिळत होते, म्हणजे जास्त किंमत. शेजाऱ्याचा हक्क अधिक आहे, हे प्रेषितांकडून (स.) ऐकले नसते तर आपण ती इतक्या कमी किमतीत दिली नसती, असे त्यांनी सांगितले. निदान दलालाला सांगण्यापूर्वी भिंतीपलीकडच्या माणसाला विचारा.

राहता राहिले घर लहान असल्याचे दुःख. ज्या खोल्यांवरून सूरह हुजुरातचे नाव पडले, त्या प्रेषितपत्नींच्या खोल्यांचे छत ह. हसन बसरी (रह.) यांचा हात पोहोचेल इतके ठेंगणे होते. पुढे मस्जिद वाढविताना त्या पाडल्या गेल्या, तेव्हा त्या तशाच राहावयास हव्या होत्या, पाहणाऱ्यांना प्रेषितांची (स.) राहणी कळली असती, अशी खंत ह. सईद बिन मुसय्यब (रह.) यांनी व्यक्त केली. आपल्याच जिल्ह्यात सेवाग्रामला 1936 पासून गांधीजी राहिले. त्यांची मातीची कुटी जपली गेली म्हणून शाळकरी मुलांनाही ती राहणी डोळ्यांनी दिसते.

नव्या लेआऊटमध्ये सामान लागले की आधी सलाम करून आत जा, एका कोपऱ्यात जानमाज अंथरा. रस्सा करताना पाणी थोडे वाढवून शेजाऱ्यांची आठवण ठेवा, असे प्रेषितांनी (स.) ह. अबू जर (रजि.) यांना सांगितले होते. लेआऊटमध्ये अजून कोणी कोणाला ओळखत नाही. पहिली वाटी तुमच्या घरातून जाऊ द्या. आणि पहिल्या ईदला बहिणीला बोलवा, तिचा हिस्सा तिच्या हाती दिल्यानंतर.