तिसरा रकाना

हैदराबादच्या बरकतपुऱ्यात राहणाऱ्या, नववीत गेलेल्या एका मुलीला बाईंनी उन्हाळ्याच्या सुट्टीचं काम दिलं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचायची आणि तिच्यातले ५० अनोळखी शब्द वहीत लिहून आणायचे. वहीत दोन रकाने आखायचे, डावीकडे शब्द आणि उजवीकडे अर्थ.

मुलगी कामाला चोख होती. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर तेलुगू आणि दखनी हिंदी, अशी तिची वाढ. त्यामुळे शब्दाला शब्द लावायची तिला सवयच होती. तिनं एका हाताला कादंबरी ठेवली, दुसऱ्या हाताला आजीचा जाडजूड शब्दकोश, आणि कामाला लागली. एक ओळ वाचायची, अडलं की कोश उघडायचा, अर्थ उतरवायचा, पुन्हा पुढची ओळ. वही भराभर भरत गेली. पण कादंबरीतला तरुण मास्तर धनगरांच्या त्या वाडीत कशासाठी आला, पोरं शाळेत का येत नव्हती, हे विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

एके दुपारी ती आजीला म्हणाली, “हे लोक वेडे आहेत का गं? गावात शाळा आहे, आणि आता सगळे मिळून पुन्हा शाळाच बांधतायत.”

आजीनं वही पाहिली. डावीकडे लिहिलं होतं ‘तालीम’, आणि उजवीकडे ‘शिक्षण’. मुलीचंही चुकलं नव्हतं. हैदराबादेत तालीम म्हटलं की शिक्षणच कानावर येतं, आणि कोशातही तो अर्थ होता. त्याच्याखाली आणखीही अर्थ होते, पण मुलीनं ओळखीचा उचलला होता.

आजी जांबागच्या विवेकवर्धिनीत शिकलेली. निजामाच्या उर्दू राजवटीत मराठी मुलांना आपल्या भाषेत शिकता यावं म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभी राहिलेली ती शाळा. त्या शाळेच्या मुलीला पुस्तकाची ही दशा पाहवेना. तिनं कोश उचलून कपाटात ठेवला.

“तू वाचत नाहीयेस, नुसतं वेचतेयस. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीनं टिंब दे आणि पुढे चल. पुस्तक संपलं की मग मागे ये.”

मुलगी कुरकुरली, पण वाचू लागली. आणि चार पानांपूर्वी अडलेला शब्द पुढे दुसऱ्याच माणसाच्या तोंडी भेटू लागला, तिसऱ्यांदा भेटला की ओळखीचा वाटू लागला. वाडीतली माणसं बांधत होती ती तालीम कुस्तीची, व्यायामाची, हे तिला पुस्तकातच कळलं. औंधचा राजा तालमीच्या कार्यक्रमाला येतो तेव्हा आजीनं तिला सांगितलं, की औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे म्हणून सगळीकडे ठाऊक होते. मग मास्तरला तालमीचं एवढं का, राजाला तिथं बोलवायची धडपड का, सगळं जागच्या जागी बसलं. मुलीनं ‘शिक्षण’ खोडलं. बरीच टिंबं तिनं रबरानं पुसली.

काही मात्र राहिली. त्यातलं एक घोंगडीखाली होतं. अर्थ तिला ठाऊक होता, लोकरीचं जाडंभरडं पांघरूण. पण धनगर ती उन्हाळ्यातसुद्धा खांद्यावर का वागवतो, ते काही कळेना.

“खाली ताताला विचार,” आजी म्हणाली.

ताता म्हणजे इमारतीचा म्हातारा वॉचमन. मूळचा महबूबनगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, तिकडचे जुने लोक अजून पालमूर म्हणतात त्या भागातला, जातीनं कुरुमा. कुरुमा म्हणजे तेलंगणातले मेंढपाळ. मुलीनं ‘घोंगडी’ म्हटलं तसा तो हसला, खाटेखालून एक काळी घडी ओढून म्हणाला, “गोंगडि!”

मग त्यानं जे सांगितलं ते कोशात मावलं नसतं. दख्खनी मेंढीची राठ काळी लोकर, वर्षातून दोनदा कातरायची. बायका सूत काढणार, मागावर विणकाम होणार, मग चिंचोक्याची खळ लावून कापड ताठ करायचं म्हणजे पाऊस चटकन आत शिरत नाही. उन्हात तिची सावली करायची, रात्री रानात तीच अंथरायची, नुकतं जन्मलेलं कोकरू तिच्यातच गुंडाळायचं. ताता उठला, घोंगडीचं एक टोक दुमडून त्यानं डोक्यावर घेतलं आणि क्षणात तो माथ्यापासून गुडघ्यापर्यंत झाकला गेला. मागे जिन्यात आजी येऊन उभी होती. “याला खोळ म्हणतात,” ती म्हणाली. तो शब्द मुलीला आधी ठाऊकच नव्हता. आता तो कोशात बघायची गरज उरली नाही.

तिनं ताताला पुस्तक तेलुगूत सांगायला घेतलं. रोज संध्याकाळी थोडं. धनगरांचा देव बिरोबा म्हटल्यावर तो म्हणाला, “आमचा बीरप्पा.” मेंढरांचं काही आलं की तो तिला थांबवून खोदून खोदून विचारी, आणि तिला मागं जाऊन नीट वाचावं लागे. मराठी आणि तेलुगूच्या सीमेपलीकडे आपलीच माणसं राहतात, हे त्याला या गोष्टीतून कळत होतं आणि तिला त्याच्याकडून.

शेवटी दुष्काळ आला. चारा नाही, पाणी नाही. धनगर मेंढरं घेऊन निघून गेले, वाडी ओस पडली. ताता बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं विचारलं, “त्यांच्यातलं कोणी शहरात वॉचमन झालं का, पोरी?”

पुस्तक त्याच्या आधीच संपत होतं. पण त्या संध्याकाळी तातानं त्याच्या गावची ओस पडलेली घरं एकेक करून सांगितली. कोणत्या घरातलं कोण मुंबईला बांधकामावर गेलं, कोणी आधी बकऱ्या विकल्या आणि मग मेंढ्या, त्याच्या बापानं शेवटची मेंढी विकली तेव्हा तिची लोकर तेवढी का कापून ठेवली. खाटेखालची घोंगडी त्याच लोकरीची.

शाळा उघडली. मुलीच्या वहीत ५० शब्द भरलेच नव्हते, आणि रकाने तीन होते. तिसऱ्या रकान्याला तिनं नाव दिलं होतं ‘कुठे भेटला’. त्यात कुठे पानाचा आकडा होता, कुठे ‘आजी’, आणि बऱ्याच ठिकाणी ‘ताता’. बाई वाचत शेवटच्या पानाशी आल्या आणि थांबल्या.

“दुष्काळ? अगं, अनोळखी शब्द लिहायचे होते. हा तर तुला येत होता.”

“नव्हता येत, बाई.”

बाईंनी लाल पेन खाली ठेवलं, शेजारची खुर्ची ओढली आणि “सांग,” म्हणाल्या. मुलीनं ताताच्या गावच्या पहिल्या घरापासून सुरुवात केली.